तीन रोपांपैकी एक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका तळ्याच्या काठावर येऊन बसा. पायरी ओली आहे, पण बसा. भादव्याचा महिना आहे. सकाळपासून पाऊस येऊन-जाऊन होता, आता उघडला आहे. मागे माथेरानच्या डोंगराचा माथा ढगात गेलेला, आणि समोर तळं इतकं काठोकाठ भरलेलं की सांडव्यावरून पाणी खळखळत बाहेर पडतं आहे. सांडवा म्हणजे तळ्याला जास्त झालेलं पाणी जायची वाट. तुमच्या आजूबाजूला वीस-पंचवीस पोरं, दहा-बारा बायका आणि चार म्हातारे आहेत. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या आहेत. तिकडे लिंबाच्या पारावर एक माणूस काचेची मोठी बरणी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून ओरडतो आहे,

"बघा! नीट बघा! पोरांनो, जवळ या, हात लावा. चावत नाय!"

बरणीत काय आहे? पाण्यावर तरंगणारी तीन रोपं. तुकतुकीत गोल पानं. प्रत्येक पानाच्या देठाला मध्येच फुगा आलेला, बेडकाच्या गळ्यासारखा. खाली काळ्या पिसांसारखी मुळं लोंबतात. आणि सगळ्यांत थोरल्या रोपावर फुलांचा असा तुरा, की बघणाऱ्याने बघतच राहावं. फिकट जांभळा रंग, आणि वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा निळा डोळा, त्यात पिवळा ठिपका.

"अगं बाय!" बायकांमधल्या जयवंताने तोंडावर हात ठेवला. "काय फूल तरी! गौरीच्या माथ्यावर खोवलं तर गौर हसंल बघ."

"हितंच तर फसगत हाय, वैनी!" पारावरचा माणूस आनंदाने ओरडला. कुणी नेमका हवा तो प्रश्न विचारला की मास्तरांना होतो ना, तसा आनंद. "हे दिसायला गौर आन् वागायला अवदसा!"

हा माणूस म्हणजे नामा. शेतकी खात्याचा हंगामी प्रचार कामगार. स्वातंत्र्याला नुकतंच एक वर्ष झालं होतं. नेरळपासून खालापूर-चौकपर्यंतची तीस-बत्तीस गावं सायकलवर फिरायची, आणि परदेशातून आलेली ही जलपर्णी तळ्यात शिरू देऊ नका, म्हणून लोकांना शिकवायचं, एवढंच त्याचं काम. उंची बेताची, खाकी कोट कोपरांवर विरलेला, डोक्यावर काळी टोपी. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा तो पास झाला होता. थोडे दिवस शाळेवर बदलीचा मास्तर होता, मग ही नोकरी. गावोगाव लोक त्याला 'केंदाळमास्तर' म्हणत. केंदाळ म्हणजे पाण्यावर माजणारं गवत. घरी बायको म्हणायची, "लोकं संसाराचा घोर करतात, आमचे हे तळ्यांचा करतात." त्याला त्याचंही काही वाटत नसे.

खात्याने त्याला जलपर्णीचं छापील चित्र दिलं होतं. पण चित्र बघून लोक म्हणायचे, "कमळ हाय की!" आणि उठून जायचे. म्हणून त्याने स्वतःच्या मनाने जिवंत रोपं बरणीत घालून न्यायला सुरुवात केली होती. त्यानंतर एकही सभा ओस पडली नाही.

"मास्तर," मागून लडकू ओरडला. गावात थट्टा करायचं खातं त्याच्याकडे होतं. "सरकारनं गोरं साहेब घालवलं. आता फुलं घालवाया निघालं काय?"

सगळे हसले. नामाही हसला.

"लडकूशेठ, गोरं साहेब बोटीत बसून गेलं तरी. हे आलं ना, की जात नाय. चौकाकडं एक तळं हाय, लढाईत तिथं पलटणीची छावणी होती. कुणीतरी शोभेला म्हणून हौदात हे लावलं. छावणी उठली, पावसात हौद भरून वाहिला, आन् हे गेलं तळ्यात. दोन वर्षांनी मी गेलो तर तळं दिसंना! नुसतं हिरवं कुरण. त्यात एक वासरू चरायला उतरलं. त्याला वाटलं गवतच हाय. मी काठावर हुतो. चार पावलं गेलं, आन् खाली पाणी."

पोरं पुढे सरकली.

"मग?" एका मुलीने विचारलं.

"मग काय, बाळा. त्या हिरव्यातनं आमी त्याच्यापर्यंत पोचलोच नाय."

ती मुलगी म्हणजे जयवंताची सुंदरा. दहा वर्षांची, परकराचा ओचा खोचलेली, दोन्ही गुडघ्यांना चिखल. चौथीत होती. गावच्या शाळेत चौथीत पोचलेली ती एकटीच मुलगी.

नामाने खिशातून मूठभर चिंचोके काढून पारावर ठेवले. "आता हिशोब. हे रोप पंधरा दिवसांत दुप्पट होतं. आज एक, पंधरवड्यानं दोन, महिन्यानं चार. दहा पंधरवड्यांनी किती?"

पोरं चिंचोक्यांवर तुटून पडली. आठ, सोळा, बत्तीस... तिथे गोंधळ झाला, चिंचोके संपले. सुंदराने चिंचोक्यांना हात लावला नव्हता. ओठ हलत होते. "एक हजार चोवीस," ती म्हणाली.

नामाने टोपी काढून परत घातली. फार खूश झाला की तो असं करायचा. "शाबास गं पोरी! आता अवघड सांगतो. तळं पूर्ण भरायला समज वीस पंधरवडे लागले. तर अर्धं कधी भरलेलं असंल?"

"दहाव्याला!" लडकूच आधी ओरडला.

"नाय," सुंदरा म्हणाली. "एकोणिसाव्याला."

लडकू हसायला लागला, मग थांबला, मग बोटं मोजायला लागला. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, बायजाआजी, पायरीवर बसली होती. तिने विचारलं, "म्हंजी पंधरा दिवस आधी अर्धं तळं मोकळंच दिसतंय व्हय रं?"

"हां, आजी! आन् आपण म्हणतो, अजून अर्धं हाय की, काय घाई हाय."

म्हातारीने तळ्याकडे पाहिलं. होळीनंतर ओढा आटला की चाळीस घरांच्या या गावाला, वरच्या चिंचवाडीला, या तळ्याशिवाय दुसरं पाणी नव्हतं. माणसांना नाही, गुरांना नाही.

सभा संपली. संध्याकाळी गौरी यायच्या होत्या, बायकांना घाई होती. नामा पेटी सायकलला बांधायला लागला आणि सुंदराला म्हणाला, "हिशोब बरोबर आल्याचं बक्षीस. बरणी तू घेऊन ये सायकलपर्यंत. सांभाळून हं."

मुलांनो, आता तुम्हीच सांगा. तुमच्या हातात ती बरणी आहे. तीन रोपं, एका देठाने एकमेकांना जोडलेली. थोरल्याचं फूल फुललेलं, आणि धाकट्या रोपाच्या पोटात एक घट्ट मिटलेला तुरा, उद्या सकाळी उमलणार असा. मास्तर पाठमोरे आहेत. आज गौर येणार आहे.

सुंदराला हिशोब कळला नव्हता असं नाही. साऱ्या गावात तिलाच तो सगळ्यांत चांगला कळला होता. पण तिने मनाशी दुसराही एक हिशोब केला. गौर तीन दिवस असते. तीन दिवस रोप गौरीजवळ ठेवायचं, आणि तळ्यावर न्यायच्या आधी काढून चुलीत घालायचं. यात चूक कुठे आहे?

धाकटं रोप सहज तुटलं. ते ओच्यात गेलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली बरणी सायकलवर गेली आणि नामा घंटी वाजवत पुढच्या गावाला गेला.

तिकडे गौर तेरड्याची असते. बांधावरून मुळांसकट तेरडा उपटून आणायचा, त्याची जुडी बांधायची, तिला लुगडं नेसवायचं, पाटावर बसवायचं. सुंदराने जुडीच्या आत एका लोट्यात ते रोप उभं केलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने डोळे चोळत पाहिलं, तर गौरीच्या माथ्यावर जांभळा तुरा उमलला होता.

जयवंताने आधी डोळे मोठे केले. "कुठनं आणलंस गं हे?" तिने विचारलं, आणि मग उत्तराची वाट न बघता शेजारणीला हाक मारली. दुपारपर्यंत साऱ्या वाडीतल्या बायका सुंदराच्या बापाच्या, सहदेवच्या घरी गौर बघून गेल्या. काहींना ते फूल ओळखू आलं असेल. पण पाटावर बसलेल्या गौरीच्या अंगावरचं फूल काढा, असं म्हणायची जीभ कुणाची होणार? सुंदरा दारात उभी राहून आल्या-गेल्याला हळदकुंकवाची वाटी देत होती. इतका आनंद तिला चौथीत पहिली आली तेव्हाही झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी गौरी जायच्या होत्या. दिवस कलला की मिरवणूक निघायची. पण दुपारीच डोंगरावर ढग काळे झाले, आणि कोंडाजी पाटलांनी सांगितलं, पावसाआधी उरकून घ्या. सुंदरा त्या वेळी शेतावर बापाला भाकरी द्यायला गेली होती. तिला वाटेतच ताशांचा आवाज ऐकू आला.

ती धावत सुटली. बांधावरून, चिखलातून, एका हातात रिकामं भांडं. घरी पाट रिकामा होता. लोटा आडवा पडला होता, त्यातही काही नव्हतं. ती तशीच तळ्यावर आली. चाळीस घरांच्या गौरी पाण्यात गेल्या होत्या. जुड्या सुटल्या होत्या, आणि सारं तळं गुलाबी, जांभळ्या, पांढऱ्या तेरड्याने भरलं होतं. बायका गाणी म्हणत परत फिरत होत्या. पाणी सांडव्यावरून वाहत होतं, आणि पाण्याबरोबर तेरडाही.

"आये!" ती म्हणाली. "आपल्या गौरीवरचं फूल काढलंस?"

"काढायचं कशाला? गौरीचं ते गौरीबरोबर," जयवंता म्हणाली. "गौरीच्या अंगावरचं कुणी घरात ठिवतंय व्हय?"

एवढा मोठा हिशोब करणाऱ्या पोरीने ही साधी गोष्ट धरली नव्हती, की गौरीला दिलेलं परत घेत नाहीत.

तेवढ्यात वाटेवरून सायकलची घंटी ऐकू आली. थांबून थांबून वाजावी तशी नाही, एकसारखी, घाबरल्यासारखी. नामा होता. टोपी हातात, कोट छातीपर्यंत चिखलाने भरलेला. काल सणाचा दिवस तो घरी होता. आज सकाळी बरणीतलं पाणी बदलायला फडकं सोडलं, तर रोपं दोनच. त्या दिवशी त्याने तीन गावं केली होती, आणि सभेच्या गडबडीत कुठेच रोपं मोजली नव्हती. दोन गावांत तो विचारून आला होता. हे तिसरं.

त्याने सायकल भुईवर टाकली आणि पारावर चढला. ताशे थांबले.

"गाववाल्यांनो," तो धापा टाकत म्हणाला, "माझ्या बरणीतलं एक रोप गेलं. जित्तं रोप. खात्यानं मला चित्र दिलं हुतं. रोप मी आणलं, माझ्या डोक्यानं. चूक माझी. ज्यानं नेलं असंल त्याला मी कायबी बोलणार नाय. फकस्त कुठं हाय ते सांगा."

मग लडकू म्हणाला, "म्हंजी तळी वाचवायला आलेल्या मास्तरनंच अवदसा आणली!" एक-दोघे हसले. पाटील म्हणाले, "नामा, कागदावर लिहून देशील काय हे? वर कळलं तर?"

"लिहिणारच हाय मी, पाटील. आधी रोप सापडू द्या."

सुंदरा पारापाशी गेली. नामा वर उभा होता, ती खाली. तिला फक्त त्याचे चिखलाचे पाय दिसत होते. त्या पायांकडे बघूनच ती बोलली.

"मी नेलं, मास्तर. गौरीला. आता ते तळ्यात हाय."

जयवंताने कपाळावर हात मारून घेतला. नामा मात्र पारावरून खाली उडी मारून पोरीसमोर बसला. "कधी गेलं पाण्यात? आत्ताच? मग अजून हातातलं काम हाय! चला, चला, उतरा समदे!"

कुणी उतरलं नाही.

"मास्तर," पाटील म्हणाले, "इसर्जन झालेली गौर परत काढायची? आमच्यात नाय चालत. आजवर कुणी काढली नाय."

"पाटील, मी फकस्त ते एक..."

"एक काय आन् दहा काय. पाण्यात गेली ती गेली."

आता हे नीट ध्यानात घ्या. तळ्यात ते रोप तेरड्यातून तरंगत होतं. सांडवा वाहत होता. पाऊस कुठल्याही क्षणी येणार होता. आणि काठावर दीडशे माणसं हात बांधून उभी होती. ती वाईट म्हणून उभी नव्हती. त्यांच्या मते ती योग्य तेच करत होती. अशा वेळी ओरडून काही होत नसतं. नामाला ते ठाऊक होतं. तो कोटाच्या बाह्या वर करून पाण्यापाशी जाऊन उभा राहिला.

बायजाआजी उठली. काठी टेकत पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेली. गौरीची गाणी सांगणारी तीच, त्यामुळे गौरीचे सगळे नियम तिच्याकडे.

"कोंडाजी," ती म्हणाली, "गौर कुठं हाय?"

"तळ्यात, आजी."

"येडा का खुळा? गौर गेली तिच्या घरी. मी सत्तर वरीस तिला पोचवत्येय. पाण्यात बुडवली, वरून गाणं म्हटलं, की ती गेली. हे ऱ्हायलंय ते तिचं टाकलेलं लुगडं. पाव्हणी गेल्यावर तिचं लुगडं धुवायला काढतो का नाय आपण?" मग तिने स्वतःच वाकून पायाशी तरंगणारी एक जुडी उचलली, उलटी-पालटी करून बघितली, आणि काठावर फेकली. "ह्यात नाय. पुढची आणा."

मग काय मजा उडाली म्हणता! एकदा म्हातारीने हात घातल्यावर कुणाला धीर निघतो? पोरांनी धडाधड उड्या मारल्या. बायका लुगडी खोचून उतरल्या. नामा सांडव्याकडे धावला आणि ओरडला, "जाळं आणा! मासं धरायचं जाळं!" लडकू, थट्टा करणारा लडकू, घरून जाळं घेऊन सर्वांत आधी पोचला, आणि ते सांडव्यावर आडवं धरून छातीभर पाण्यात खांबासारखा उभा राहिला. वर पाऊस सुरू झाला. त्या पावसात सारी वाडी तेरडा उपसत होती.

"हे बघ मास्तर, सापडलं!"

"ते कमळाचं पान हाय, येड्या!"

"मास्तर, हे?"

"ही तुझ्या आयची चोळी हाय!"

हशा पिकत होता, तरी हात थांबत नव्हते. सुंदरा गळ्याएवढ्या पाण्यात होती. ती ओरडत नव्हती. एक-एक जुडी उचलून तिच्या मुळात बोटं घालत होती.

रोप सापडलं जयवंताला. तळ्यात डुंबणाऱ्या पाटलांच्या म्हशीच्या शिंगाला ते अडकलं होतं, जांभळा तुरा शिंगावर मुंडावळीसारखा. "सापडलं! माझ्या गौरीचं हाय, मला ओळखू येतंय!" ती किंचाळली, आणि काठावर एकदम ताशा वाजायला लागला. पोरं नाचली. नामाने टोपी काढून घातली, काढून घातली, तीन वेळा.

मग त्याने रोप तळहातावर घेतलं आणि उलटं केलं. हसू हळूहळू गेलं. बाजूला एक लांबट देठ फुटला होता, नवं रोप धरायला निघालेला, आणि त्याचं टोक तुटलेलं होतं. तूट ताजी होती.

"ह्याचं पिल्लू ऱ्हायलं आत," तो म्हणाला. "नखाएवढं असंल."

अंधार पडेपर्यंत त्यांनी शोधलं. नखाएवढं पिल्लू चाळीस जुड्यांच्या पाल्यात सापडलं नाही. सगळा पाला काठावर वाळत घालून पुढे जाळायचं ठरलं. जाताना नामाने सुंदराला बोलावलं. ती मान खाली घालून आली.

"दर पंधरवड्याला काठानं एक फेरी मारायची. काय बघायचं?"

"फुगा आलेला देठ."

"आन् सापडलं तर?"

"मुळासकट काढायचं. उन्हात वाळवायचं. जाळायचं. पाण्यात टाकायचं नाय, कुणाला द्यायचं नाय."

"झालं तर मग," तो म्हणाला, आणि तिच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवून सायकलवर बसला.

त्याने कागद लिहिला. रोप माझ्या बरणीतून गेलं, असंच लिहिलं. पोरीचं नाव त्यात नव्हतं. त्याची नेमणूक हंगामी होती. दिवाळीला मुदत संपली, आणि पुढची आली नाही. त्या कागदामुळे, की आणखी कशामुळे, ते त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

सुंदरा फेऱ्या मारत राहिली. पहिली फेरी, काही नाही. दुसरी, काही नाही. पोरं चिडवायची, "केंदाळमास्तरीण आली रं!" दिवाळी झाली. मग एका सकाळी, उत्तरेकडच्या लव्हाळ्यात, तिला चार पानं दिसली. चिमुकली, गोल, आणि देठांना फुगे. तिने आधी मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारावी म्हणून. कुणी नव्हतं. ती कमरेपर्यंत पाण्यात शिरली, दोन्ही ओंजळी खालून घातल्या आणि मुळासकट ते उचललं. एकही मूळ तुटू दिलं नाही. मग धोंड्यावर ठेवून, ते वाळेपर्यंत दोन दिवस राखण बसली.

मार्गशीर्षात सहदेव भात घेऊन नेरळला गिरणीवर निघाला, तेव्हा ती हट्टाने गाडीत चढली. गिरणीची खडखड, सगळीकडे कोंड्याचा पांढरा धुरळा. त्या धुरळ्यात एक माणूस पोती काट्यावर चढवत होता. भुवया, मिशा, टोपी, सारं पांढरं. तिने आधी ओळखलंच नाही.

"मास्तर!"

नामा वळला. ओळखून हसला.

"मास्तर, सापडलं! लव्हाळ्यात हुतं!"

त्याने पोतं तसंच सोडलं. "काय सांगतेस! किती पानं हुती? मूळ काळं का पांढरं? देठ फुटला हुता का नवा?"

"चार पानं. मूळ पांढरं. देठ नव्हता."

"पांढरं म्हंजी तान्हं! वेळेवर काढलंस, पोरी!" गिरणीच्या आवाजात तो ओरडून बोलत होता, डोळे चमकत होते. आजूबाजूचे हमाल बघायला लागले. मग त्याने विचारलं, "त्या दिवशी, लडकूनं जाळं लावायच्या आधी, सांडव्यावरनं पाणी किती येळ वाहत हुतं गं?"

सुंदराने आठवून पाहिलं. गौरी बुडवल्यापासून बायजाआजी उठेपर्यंत. "लई येळ," ती म्हणाली.

"तेरडा बी जात हुता खाली?"

"हां."

"सांडव्याखालचा ओढा खालच्या चिंचवाडीच्या तळ्यात जातो," नामा म्हणाला. "मी जाणार हुतो सांगायला. पण आता..."

"ए नामा! पोती कोण तुझा आजा चढवणार?" आतून हाक आली.

"आलो, आलो," तो म्हणाला, आणि वाकून पुढचं पोतं पाठीवर घेतलं.

वरची आणि खालची चिंचवाडी यांचं बरं नव्हतं. पाण्यावरून, बैलांच्या शर्यतीवरून, आजोबांच्या काळातल्या कुठल्याशा लग्नावरून. वरच्या वाडीची पोर एकटी खाली गेली, असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरा ओढ्याच्या कडेने खाली गेली. तळ्यावर पाचसहा बायका धुणं धूत होत्या. तिला बघून एकीने धोपटणं थांबवलं.

"कोण गं तू? वरल्या वाडीची दिसतेस. आमचं तळं बघायला आलीस व्हय? बघ बघ!" तिने कोपऱ्याकडे हात केला. तिथे सुपाएवढी हिरवी चकती तरंगत होती, आणि त्यावर दोन जांभळे तुरे. "देवानं दिलंय आमाला. असलं फूल हाय काय तुमच्यात?"

बाकीच्या खदखदून हसल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्या फुलाचा इतका अभिमान होता, की सुंदराला वाटलं, मागच्या मागे पळून जावं. तिच्याकडे दाखवायला बरणी नव्हती, चित्र नव्हतं. ती हात मोकळे सोडून उभी राहिली.

"मी सहदेवची सुंदरा," ती म्हणाली. "ते फूल देवानं दिलं नाय. माझ्यामुळं आलंय ते. चूक माझी हाय."

धुणं थांबलं. सगळ्याजणी तिच्याकडे बघायला लागल्या. सुंदरा त्यांच्या जवळच्या पायरीवर येऊन बसली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.